दहा वाजून दहा मिनिटं

दहा वाजून दहा

स्टुलावर उभी राहून तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काच पुसली आणि खाली उभ्या असलेल्या आईच्या हातात दिलं. आईने ते जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. दोन खोकी भरली होती. भिंतीवर अजून तीसेक उरली होती. ही सगळी विकायची घड्याळं, एकही चालत नव्हतं. विकलं जाईपर्यंत किल्ली द्यायची नाही, उगाच झीज होते, हा बाबांचा नियम.

तिला घड्याळं पुसायची परवानगी होती. उघडायची नव्हती.

बाबा पाठमोरे, डोळ्याला भिंग लावून शेवटच्या दुरुस्तीवर वाकलेले. पाच वाजता दुकान घेणारा माणूस सह्या करायला यायचा होता. आणि सोमवारी तिला विमा कंपनीत कळवायचं होतं, बढती घेणार की नाही. घेतली तर शहर बदलणार होतं. नाही घेतली, तर हे दुकान.

तिला दुकान हवं होतं. हे तिने आजवर एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, आणि तेही आज सकाळीच.

दहा वाजून दहा

सकाळी ती ज्यांच्याकडे गेली होती, त्या पत्रिका पाहणाऱ्या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. कुंडलीवरही त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण करायला घेतली होती.

"तुमच्या दशमात, म्हणजे कामाच्या घरात, यंत्राला जागाच नाही हो. कागद आहे, सही आहे, शिक्का आहे. नोकरी सोडू नका."

"एकोणीस वर्षं तेच करतेय. लोकांच्या दाव्यांवर नामंजूरचा शिक्का मारते."

"मग पत्रिका बरोबर आहे."

"पण जीव रमत नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. ऑफिसातले सगळे अडकलेले स्टेपलर आपल्याच टेबलावर येतात, भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे पडायचं ते आपण जेवणाच्या सुट्टीत दार लावून दुरुस्त केलं, असलं काहीबाही ती सांगत राहिली. नऊ वर्षांची होईपर्यंत ती बाबांच्या शेजारी बसायची. तांदळाच्या कणीपेक्षा लहान स्क्रू दोन बोटांत उचलायची, म्हणून बाबा तिला चिमटी म्हणायचे. मग कुणीतरी पत्रिका मांडून दिली. यंत्राशी वैर, असं निघालं. दुसऱ्या दिवशी तिचं छोटं स्टूल माळ्यावर गेलं आणि चिमटी हे नावही.

बाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"वेळ नक्की आहे का ही? दहा वाजून दहा? कारण चार मिनिटं पुढे असती ना, तर लग्नरास बदलते. मग सगळी घरं फिरतात. बारीक काम, हातातलं कसब..."

"माझे वडील घड्याळजी आहेत. त्यांनी स्वतः पाहिलेली वेळ आहे."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. पण पेन्सिलीची खूण त्यांनी अर्धीच ठेवली. "तरी विचारून बघा. चारच मिनिटं हवीत."

दहा वाजून दहा

"बाबा, एक विचारायचं होतं," पुढचं घड्याळ उतरवत ती म्हणाली.

"विचार की. डोळा कामात आहे, कान रिकामे आहेत."

"माझ्या जन्माची वेळ. चार-पाच मिनिटं इकडेतिकडे झाली असेल का?"

"घड्याळजीच्या घरात?" बाबांनी मान वर केली नाही. "तेव्हा आपण दुकानामागेच राहायचो. मी इथे पडद्यापाशी उभा होतो. सुईणबाई आतून म्हणाल्या, मुलगी झाली. मी लगेच भिंतीकडे पाहिलं. आणि एका घड्याळावर विसंबणारा माणूस मी नाही. तीन घड्याळं ताडून पाहिली. तिन्हींत दहा वाजून दहा. अगं, आपल्या दुकानात दोन घड्याळं कधी एकमेकांशी जुळत नाहीत, इथे तीन जुळली. मला तर तो शकुनच वाटला."

"कुठल्या भिंतीकडे?"

"ही काय, तुझ्यासमोरची."

ती समोर पाहत राहिली. मग हातातल्या घड्याळाकडे. मग पुन्हा समोर. लहान काटा दहावर, मोठा दोनवर. सगळ्यांचे. काटे असे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं, गिऱ्हाइकाला बरं वाटतं, हे बाबांनीच तिला पाचव्या वर्षी शिकवलं होतं. इतक्या वर्षांत ते तिने इतकं पाहिलं होतं की दिसेनासंच झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली. हातातलं घड्याळ तिने भिंतीवरच्या घड्याळांशेजारी धरलं.

बाबा वळले. ती पाहत होती तिकडे त्यांनी पाहिलं. भिंग डोळ्यावरून निसटलं, टेबलावर टकटक करत गेलं आणि कडेवरून खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

आई चादरीच्या तुकड्याची टोकं जुळवत होती.

"शाळा सुटली होती तेव्हा," आई म्हणाली.

"काय?"

"रस्त्यावरून पोरं घरी निघाली होती. त्यांचा गलका ऐकू येत होता मला. सकाळी दहाला कुठली शाळा सुटते? दोनदा सांगितलं यांना. तर म्हणाले, दोन रात्रींचं जागरण आहे तुझं, पडून राहा, घड्याळं खोटं बोलत नाहीत."

"आणि नंतर? पत्रिका मांडली तेव्हा?"

आईने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "एवढी जाणती माणसं गणित करत होती. मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

बाबा आईकडे वळले.

"मग किती वाजले होते?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "मी कामात होते."

वेळ माहीत नाही

तिला हसू यायला हवं होतं. पण ती स्टुलावरून उतरली आणि घड्याळ छातीशी धरून तशीच उभी राहिली. चार मिनिटं मागायला आली होती.

बाबा उठले. खाली वाकून भिंग शोधलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं. कितीतरी वेळ पुसत राहिले. मग आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. इतकी वर्षं प्रकाशाचा तो गोल त्यांच्या हातांवर पडायचा. आता तो त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर पडला होता.

"चिमटी," ते म्हणाले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "बस."

ती बसली. खुर्ची अजून गरम होती. तिने कुणाचं तरी उघडं पडलेलं मनगटी घड्याळ जवळ ओढलं, भिंग डोळ्याला लावलं.  चिमट्याने पहिला स्क्रू उचलला.

दार ढकलून दुकान घेणारा माणूस आत आला. कागदांची पिशवी काखेत, कपाळावर घाम.

"उशीर तर नाही ना झाला मला?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. पहिल्या रांगेकडे, दुसऱ्या, तिसऱ्या.

"झाला," ते म्हणाले.

तिने मान वर केली नाही.