नऊ नंबरची ट्राम

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी उद्या सुटणार होती. मोतीबिंदू काढल्यावर घरी आल्या आल्या त्यांना पहिली दिसेल ती आपली ट्राम, हे लेकीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि तिच्या डोक्यात एकदा काही बसलं की घरातल्यांनी आपापला चहा आपण करून घ्यायचा, असा शिरस्ता होता.

ट्राम वीतभर लांबीची. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून बाबांनी ती दादाला आणि तिला घेऊन केलेली. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. बाबा खऱ्या ट्रामचे ड्रायव्हर. त्या ट्राम पुढे बंद पडल्या, ही मात्र कपाटावर नऊ नंबर मिरवत उभी राहिली. आता तिचा हिरवा रंग विटला होता. पट्टे, पाट्या, नंबर, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवत बसवायची ती तलम डिकॅल, पिवळी पडून पोपडे धरत होती.

कवळ्या बनवण्यात तिची हयात गेलेली, त्यामुळे प्लास्टिकचे रागलोभ तिला ठाऊक होते. नवऱ्याने मोठ्या हौसेने नेलपॉलिश काढायचं औषध आणून दिलं, तेव्हा याने डिकॅल जाईल आणि पाठोपाठ ट्रामही जाईल, असं तिने त्याला शांतपणे सांगितलं. मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायचा, चिकटपट्टी दाबून हलकेच उचलायची, उरलेला चिकटा साबणाच्या पाण्याने पुसायचा, असं करत ती एकेक पापुद्रा काढत गेली. नंबर शेवटी ठेवला, कारण अडचण त्याचीच होती. दुकानदाराने त्याच कंपनीच्या डिकॅलचा नवा कागद मिळवून दिला होता, पण त्यात नऊ नव्हताच. होता तो इंग्रजी सहा, खाली बारीक रेघ असलेला.

दुकानदाराला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत तिने नंबराचा पापुद्रा उचलला. खाली न विटलेल्या गर्द हिरव्या रंगात नऊ उमटला होता. आणि त्याच्या डोक्यावर ती रेघ, जी तिला आजवर नुसती नक्षी वाटत आली होती.

तिने नवा कागद उलटा धरला. तंतोतंत तोच.

तिने दादाला फोन लावला, तर तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. बाबा सहा नंबरचेच ड्रायव्हर, त्याने सांगितलं. नंबर मीच चिकटवणार म्हणून ठकूताईंनी, म्हणजे तिनेच, भोकाड पसरलं आणि उलटा चिकटवला. दादा सरळ करायला धावला, तर बाबांनी त्याचाच हात धरला.

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"बाबांनी तंबी दिली होती. नंतर आम्हालाही नऊच वाटायला लागला गं."

आता मात्र बाबांना त्यांची खरी गाडी द्यायची, असं तिने ठरवलं. बारीक पॉलिश पेपरने अंग घासलं, हिरव्या रंगाचे दोन हात दिले, रात्रभर सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी पट्टे बसले, पाट्या बसल्या, आणि सहा जागेवर सरकतोय तोच बेल वाजली.

बाबा काळा चष्मा कपाळावर चढवूनच आत आले. वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचून त्यांनी आपला जीव खाल्ला, असं आणायला गेलेला दादा म्हणाला. ट्राम ओली आहे, हात लावू नका, असं तिने बजावलं. ते वाकले. रंग न्याहाळला, खिडक्या न्याहाळल्या. नंबरावर डोळे थबकले.

"छान केलीस," ते म्हणाले. "पण ही डेपोतली झाली. आपली कुठंय?"

तिने दादाकडे पाहिलं, दादाने छताकडे. मग तिच्या लक्षात आलं: डिकॅल अजून ओलं आहे. तिने कुंचला बुडवून कडेने पाणी सोडलं. सहा हलला, अर्धा फिरला आणि त्याचा कोपरा दुमडला. नेलपॉलिशचं औषध आणू का, असं नवऱ्याने विचारलं. आणखी एक थेंब. कोपरा उलगडला, आणि रेघ डोक्यावर गेली.

बाबांनी खुर्ची ओढली, ट्रामसमोर ताठ बसले आणि चमच्याने बशीवर ट्रामच्या घंटेसारखे दोन टोले दिले.

"चढा लवकर, ठकूताई," ते म्हणाले. "नऊ नंबर सुटतेय."