टेबलाचं दुसरं टोक

मादाम ओबेर यांचं जेवणाचं टेबल लांब होत चाललं होतं. मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा ते इतकं लहान होतं, की समोरासमोर बसलं की आमचे गुडघे एकमेकींना लागायचे. अक्रोडाच्या लाकडाचं साधं टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ.

मी फ्रान्समध्ये लिमोजला चिनी मातीच्या भांड्यांचं तंत्र शिकायला आले होते. बार्शीहून कुणी लिमोजला जायचं म्हटलं तर दुसरं कारण मला तरी सुचत नाही. मादाम निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये रस्त्याच्या बाजूला जेवणाची खोली होती, मागच्या बाजूला माझी खोली, आणि दोन्हींच्या मधे पॅसेज. खोली देताना त्यांनी एकच अट घातली. रविवारी दुपारचं जेवण त्यांच्याबरोबर घ्यायचं.

पहिल्या रविवारी त्यांनी मला जेवायला शिकवलं. दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत, मांडीवर ठेवायचे नाहीत. पाव ताटलीत ठेवायचा नाही, सरळ टेबलक्लॉथवर ठेवायचा. सॅलडचं पान सुरीनं कापायचं नाही, त्याची घडी घालायची. आणि शेवटी चीज येऊन गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हे सगळं त्या मला अहो-जाहो करत सांगत होत्या. बार्शीत मला आजवर कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"घरची आठवण येते का, अर्शदा?" त्यांनी विचारलं. फ्रेंच लोकांच्या तोंडून 'ह' निघत नाही, त्यामुळे हर्षदाची अर्शदा झाली होती.

"नाही, ठीक आहे," मी म्हणाले. तिकडे त्याला 'सा व्हा' म्हणतात. कसं काय, असं विचारायचं असलं तरी सा व्हा, आणि ठीक आहे असं सांगायचं असलं तरी सा व्हा. मला येणाऱ्या फ्रेंचमधलं तेवढंच मी न अडखळता बोलू शकत होते.

मी तसं म्हणाले आणि आमच्या मधे एक फळी वाढली. तीही अक्रोडाचीच होती. तिच्यावर बाकीच्या टेबलासारखेच जुने ओरखडे होते, आणि टेबलक्लॉथही तेवढाच वाढला. आमचे गुडघे सुटे झाले. मादामनी मिठाची कुपी थोडी माझ्याकडे सरकवली, कारण आता माझा हात पोचत नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी अंड्याची भाजलेली पोळी केली. तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. मी मांस खात नाही हे मी सांगितलं होतं.

"अगदी लहान आहेत," मादाम म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल. सा व्हा." मी तुकडे बाजूला करत जेवले. टेबल वाढलं.

थंडी सुरू झाली तोवर मादाम खिडकीपाशी आणि मी दारापाशी बसत होते. मग माझी खुर्ची दाराबाहेर गेली. कॉलेजात मैत्रिणी झाल्या का, झाल्या. खोली गार पडते का, नाही पडत. टेबल पॅसेजमध्ये शिरलं आणि पॅसेज त्याला जागा देत लांबत गेला. मादामचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागे. सूपचं भांडं माझ्यापर्यंत येईतो त्यावर साय धरलेली असे.

मग माणसं आली. एका रविवारी मी बसले तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ जेवत होते. त्यांच्या पलीकडे लाल स्कार्फ बांधलेल्या एक बाई, त्यांच्या पलीकडे आणखी कुणी. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. कुणी आत्ताच आल्यासारखं दिसत नव्हतं. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

"मी लाफों," ते गृहस्थ म्हणाले. "सा व्हा?"

"सा व्हा," मी म्हणाले. आमच्या खुर्च्यांमधलं अंतर थोडं वाढलं, फार नाही.

त्या दिवसापासून मादामचं बोलणं तोंडातोंडी यायला लागलं. टेबलाच्या त्या टोकाला त्या काहीतरी म्हणत. त्यांच्या शेजारचा माणूस ते आपल्या शेजाऱ्याला सांगे, तो पुढच्याला, आणि असं करत करत ते माझ्या शेजारच्या गृहस्थांपर्यंत, मस्यू लाफोंपर्यंत, पोचे.

"मादाम विचारतायत, वाटाणे आवडले का."

"आवडले. थोडा भात मिळेल का, विचारा."

ते लाल स्कार्फवाल्या बाईंकडे वळले. निरोप गेला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "तुम्हाला आवडलं हे ऐकून मादामना आनंद झाला."

मी पुन्हा भात मागितला नाही. मस्यू लाफोंना मी एकदा विचारलं, ते कुठे राहतात. ते म्हणाले, इथेच, जेवण संपेपर्यंत.

डिसेंबरमध्ये एका गुरुवारी मावशीचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. मी निघते म्हणाले. मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, येऊ नकोस. परीक्षा आहे तिची. इकडे आम्ही आहोत. सगळं ठीक आहे." ते असं म्हणाले तेव्हा फोनमध्ये ते एकदम लांब गेले, दुसऱ्या खोलीतून बोलत असल्यासारखे.

मी फोन ठेवला आणि मादामना सांगायला निघाले. दुसरं सांगण्यासारखं माणूस लिमोजमध्ये मला नव्हतं. गुरुवार असल्यामुळे टेबलावर कुणी नव्हतं. मी त्याच्या कडेकडेनं चालत गेले. दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या होत्या, टेबलक्लॉथवर पावाचा चुरा होता. पॅसेजमधल्या दिव्यांखालून मी एकामागून एक जात राहिले. चालताना मी वाक्य जुळवत होते. आईला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते येत होतं, झटक्याला काय म्हणतात ते येत नव्हतं. मी ठरवलं, आई पडली आणि आता बोलत नाही, असं सांगू. एवढं मला जमलं असतं.

शेवटी जेवणाच्या खोलीचं दार दिसलं. आत मादाम शिवणाचं काही हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, हे मला तेवढ्या अंतरावरूनही दिसलं. त्यांनी हात हलवला.

"अर्शदा, सा व्हा?"

"सा व्हा," मी ओरडून म्हणाले. आधी तोंड बोललं, मग माझ्या लक्षात आलं.

आमच्या मधे फळ्या वाढायला लागल्या. एक झाली की दुसरी, आवाज न करता, पत्त्यांचा डाव पसरावा तशा. दार मागे गेलं. मादाम हात हलवत राहिल्या आणि त्यांचा हात लहान होत गेला. मी थोडं धावले. मग थांबले, कारण धावून उपयोग नव्हता. परत यायला मला तेवढंच चालावं लागलं. खोलीत आले तर टेबलाचं माझ्याकडचं टोक दारातून आत येऊन पलंगापाशी थांबलं होतं.

त्यानंतर मला जेवायला बाहेर जावं लागलं नाही. पलंगावर बसलं की मी टेबलाशीच असे. पुढे पलंगालाही जागा उरली नाही. तो भिंतीला उभा करून ठेवला आणि मी खुर्चीवर झोपायला लागले. माझी खोली मात्र एवढीशीही वाढली नाही. पॅसेजला जे जमलं ते तिला जमलं नाही.

एकदा निरोप आला. "मादाम म्हणतायत, त्यांना तुमचा चेहरा दिसत नाही."

"हरकत नाही म्हणावं," मी म्हणाले. टेबल वाढलं आणि त्याची कड माझ्या पोटाला टेकली.

परीक्षा झाली. पास झाले असं मला कुणीतरी पॅसेजमधून सांगितलं. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही जेवत होतो. सॅलड येऊन गेलं होतं आणि चीज यायचं होतं. चीज मादामच्या टोकाहून निघालंय असं लाल स्कार्फवाल्या बाई सांगत होत्या, पण ते पोचत नव्हतं, आणि ते येईपर्यंत कुणी उठू शकत नव्हतं. खिडकीतला उजेड तसाच होता. मला वाटतं, तो रविवार बराच लांबला होता.

मांडीवरचा फोन थरथरला. माझे दोन्ही हात टेबलावर होते. तो थांबला, पुन्हा थरथरला. मी एक हात खाली नेला आणि फोन कानाला लावला. मस्यू लाफोंनी टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे माझा हात असायला हवा होता.

"हर्षू," मावशी म्हणाली, "आई बोलतेय. ऐक."

आधी श्वास ऐकू आला. मग एक आवाज आला, लांब, वळणं नसलेला. तो आईचाच होता. त्यात शब्द नव्हता. तो थांबला, मग आईनं पुन्हा तोच आवाज काढला, या वेळी जरा जोर लावून.

"विचारतेय, जेवलीस का," मावशी म्हणाली.

"जेवतेय."

"जेवतेय म्हणाली गं," मावशीनं तिकडे सांगितलं. आवाज आला. "विचारतेय, काय जेवतेयस."

मी ताटलीकडे पाहिलं. घडी घातलेलं एक पान होतं. "भात," मी म्हणाले.

"तिकडे गर्दी वाटतेय गं. माणसांचा आवाज येतोय."

"हो. बरीच माणसं आहेत."

मावशीनं ते आईला सांगितलं. आईनं आवाज काढला, मघापेक्षा छोटा.

"बरं वाटलं तिला," मावशी म्हणाली. "एकटी नाहीये म्हणून. ठीक आहेस ना तू?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

टेबल पुढे आलं. खुर्ची मागे गेली आणि खुर्चीची पाठ भिंतीला लागली. कड माझ्या बरगड्यांवर आली. फोन हातातून सुटून टेबलाखाली कुठेतरी पडला. खाली आईचा आवाज येत होता, मावशी काहीतरी सांगत होती, पण मला वाकता येत नव्हतं. मग आवाज बंद झाला. मला श्वास घेता येत होता, पण पुरता नाही. आणखी एका फळीला जागा नव्हती.

"मस्यू लाफों," मी म्हणाले.

"बोला."

"मादामना एक निरोप द्यायचा आहे. सांगा, मी ठीक नाही."

त्यांनी काटा ताटलीवर ठेवला. "असं आम्ही जेवताना म्हणत नाही."

"माहीत आहे."

"आणि इतक्या लांब जाताना ते तसंच राहील असं नाही."

"तरी सांगा. आणि सांगा, आई पडली आणि आता बोलत नाही."

"एवढंच?"

"माझं नाव हर्षदा आहे, तेही सांगा."

त्यांनी ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ओठ हलताना दिसले. मग ते लाल स्कार्फवाल्या बाईंकडे वळले आणि त्यांच्या कानाशी बोलायला लागले. बाई ऐकता ऐकता चावायच्या थांबल्या. मग त्या पलीकडे वळल्या.

मी बघत राहिले. एकेक मान त्या बाजूला वळत गेली. वळलेलं प्रत्येक माणूस काटा खाली ठेवत होतं. टेबलावरचा जेवणाचा आवाज माझ्याकडून तिकडे विझत गेला, आणि जिथपर्यंत निरोप पोचला होता तिथपर्यंत सगळं शांत होतं. लांबच्या माना टाचण्यांएवढ्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. त्याच्याही पुढे अजून काटे-सुऱ्या वाजत होत्या. मग तेही थांबलं.

कुणी हललं नाही. मस्यू लाफोंचे दोन्ही हात टेबलावर होते. माझेही होते.

मग पॅसेजच्या टोकाला, दिवे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात तिथे, काहीतरी हललं. एक मान इकडे वळली. तिच्या अलीकडची वळली. उत्तर निघालं होतं. ते एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर येत होतं, आणि ज्याला ते कळत होतं तो पुढच्याला सांगून झाल्यावरही मान परत वळवत नव्हता, माझ्याकडेच बघत राहत होता. चेहरे मोठे होत जवळ आले. लाल स्कार्फवाल्या बाईंनी ऐकलं, डोळे मिटले, उघडले आणि त्या मस्यू लाफोंच्या कानाशी वाकल्या.

मस्यू लाफोंनी पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तोंड उघडलं. "हर्षदा," ते म्हणाले, 'ह'सकट.