हळदीचा टोप आणि तांब्याभर पाणी

मला बघणारा आधी माझं पोट डोळ्यांनी मोजतो, मग नाव विचारतो. मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. हळदीचा, म्हणजे लग्नाआधीच्या हळदीचं जेवण शिजवणारा टोप. आंबिवलीजवळच्या एका गावात धाकूशेठच्या पडवीत मी वर्षभर उपडा झोपतो आणि लग्नसराई आली की उताणा होतो.

तांबटाने मला घडवताना इतके ठोके घातले, की अजून ढग गडगडले तरी मी अंग चोरतो. माझ्या पोटात अख्ख्या गावाचं जेवण शिजतं. एकदा मला घासायला आत उतरलेला आचारी वाट चुकला, तो थेट पुढच्या लग्नात सापडला. एका हळदीला रश्शात मीठ जास्त पडलं, तर पाहुण्यांनी तहानेने काळू नदी हातभर खाली आणली. माझ्या मटणाच्या वासावर खडवलीची कुत्री वरात काढून येतात. हसू नका! यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मी सांगणार नाही.

पण आता जे सांगणार आहे, त्यात माझी चिमूटभरही भर नाही. ते आठवलं की माझी कल्हई आजही गार पडते.

आमच्या घरची एक रीत आहे. पंगत बसायच्या आधी घरच्या मोठ्या माणसाने बावीचं, म्हणजे अंगणातल्या विहिरीचं, तांब्याभर पाणी टोपात ओतायचं. याला म्हणतात टोप निववणं. चुलीचा राग शांत करायचा आणि मगच वाढायला घ्यायचं. धाकूशेठची बायको तुळसा गावची धवलारीण, लग्नात धवले गाऊन विधी करणारी. ती गायची, धाकूशेठ ओतायचे, आणि त्या गार धारेची मला गुदगुली व्हायची.

त्या मे महिन्यात धाकूशेठच्या मुलाच्या, दिपेशच्या, हळदीची तयारी चालली होती. अंगणात मांडवाचे बांबू उभे राहिले. आणि शेजारच्या चाळीत एकाला उलट्या सुरू झाल्या. मग पलीकडच्या खोलीत. मग आमच्या गावात. जुलाब, उलट्या, पायात गोळे, डोळे खोल गेलेले. नळाला पाणी यायच्या आधी गटाराचा वास येऊ लागला होता. रुग्णवाहिका ठाण्याच्या दिशेने निघाली की आया पोरांना ओढून घरात घ्यायच्या आणि कड्या लावायच्या. जणू रोग रस्त्यावरून दारं मोजत चालला होता.

नळ बंद झाला, टँकर आला. तेव्हा कल्पिता आमच्या पडवीत शिरली. ही धाकूशेठची पुतणी, वस्तीत घरोघर फिरून आजाऱ्यांची विचारपूस करणारी आशाताई.

"काका, टोप द्या. चाळीत एकेका शेगडीवर किती पाणी उकळणार? इथेच चूल पेटवू. सगळ्यांना इथूनच देऊ."

"याड लागलाय का तुना?" धाकूशेठ ओरडले. "हलदीचा टोप हाय त्यो! त्यात रोगाचा पानी उकलशील, न मंग माझे पोराची हलद कशात शिजवू?"

आतून तुळसाचा आवाज आला, "द्या त्यो टोप! गावच नाय रायला, त जेवाला कोन येल? तुमचा डीजे?"

असा मी उताणा झालो. पहाटे माझ्यात टँकरचं पाणी खळाखळा उकळायचं, मग झाकून ठेवायचे, आणि ते निवलं की दुपारी रांग लागायची. गाव आणि चाळ, एकाच रांगेत. चाळीतले बाबुराव आणि त्यांची बायको रमाबाई कळशी घेऊन पुढे असत.

"धाकूशेठ," बाबुराव म्हणाले, "या टोपातलं मटण आम्हाला नेहमी शेवटच्या पंगतीला मिळालं. पाणी तरी पहिल्या हाताचं द्या."

"अरे, तूच उशिरा येतोस, त्याला मी काय करू?"

"बोलावणंच उशिरा येतं, शेठ."

सगळे हसले. धाकूशेठही हसले, जरा मागाहून.

पण मित्रांनो, मला हसू येत नव्हतं. कारण रांग लागायच्या आधी काय होत होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. कल्पिता मीठ-साखरेच्या पुड्या वाटायला चाळीत जायची. इकडे धाकूशेठ बावीत बादली सोडायचे, तांब्या भरायचे, माझं झाकण सरकवायचे आणि ओतायचे. लपूनछपून नाही हो. उठल्यावर तोंड धुवावं इतकं सहज.

त्या पाण्याला वास होता. नळाला होता तोच. बावीमागच्या कुंपणापलीकडे नाला आहे, आणि जमिनीखालून कोण कुणाच्या घरी जातं ते माणसांना दिसत नाही. मला गुदगुली झाली नाही. माझ्या पोटात मृत्यू पोहत होता आणि वरून लोक कळशा भरून नेत होते. मी ओरडणार कसा? टोपाला तोंड असतं, पण ते नुसतं उघडं राहण्यासाठी!

रोग थांबेना. बाबुरावांना ठाण्याच्या इस्पितळात हलवलं. रांगेत कुजबुज सुरू झाली, "टोपातच काहीतरी बसलंय." कल्पिता रडकुंडीला आली. पाणी तर तिच्या डोळ्यांसमोर उकळत होतं.

आणि मग तुळसा पडली. पहिला पेला धाकूशेठ स्वतः तिच्या हातात देत होते ना, मायेने.

ठाण्याला जागा नव्हती, म्हणून माझ्या शेजारीच पडवीत तिची खाट टाकली. बांबूला सलाईनची बाटली टांगली, मांडवाच्याच बांबूला. जिच्या आवाजाने नवरदेवांना घाम फुटायचा, ती "पानी... पानी..." एवढंच म्हणायची, आणि तेही वाऱ्यासारखं.  तिने मागितलं, की ते माझ्यातूनच येणार होतं.

दुपार झाली. धाकूशेठ आले. डोळे लाल, हातात तांब्या. त्यांनी झाकण माझ्या काठावर टेकवलं आणि तांब्या वाकवला. तेव्हा, मित्रांनो, मी जन्मात खाल्लेला प्रत्येक ठोका आठवला, सगळा जीव काठाशी आणला आणि झाकण ढकललं! खण्णण्! ते फरशीवर असं कोसळलं की खाटेवर तुळसाने डोळे उघडले. लोक म्हणतात, ते धाकूशेठच्या हातून निसटलं. म्हणोत बापडे.

आवाजाने कल्पिता धावत आली.

"काका, हे काय ओतताय?"

"काय म्हंजे? टोप निववतो. रोज निववतो."

"रोज?"

"न निववता टोपातला कोन खातो? आज्याच्या येलची रीत हाय."

"कुठलं पाणी?"

"आपले बावीचा, गो! नलाचा थोडाच हाय!"

 कल्पिताने बावीकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या नाल्याकडे. धाकूशेठची नजर तिच्या नजरेमागे गेली आणि तिथून फिरून खाटेवर आली. त्या वेळी त्यांच्या हातातला तांब्या मला माझ्याहून जड दिसला.

मला त्यांनी एकट्याने रिकामं केलं. राखेने घासलं. कुणाला हात लावू दिला नाही. बावीत औषध पडलं, फळ्या ठोकून तोंड बंद झालं. मग ते स्वतः चाळीत गेले. कल्पिता मागोमाग गेली, तिनेच हे नंतर तुळसाला सांगितलं.

"वहिनी, बाबुरावला माझे हातानं दुखनं लागलं," ते म्हणाले.

रमाबाईंनी आधी कळशीतलं उरलेलं पाणी बाहेर ओतून टाकलं. मग म्हणाल्या, "तुळसावहिनींनाही तेच पाजलंत ना? मग मी शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? हे परत येऊ देत, तेच देतील."

चूल पुन्हा पेटली. धाकूशेठ आता माझ्याजवळ हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. हळूहळू रांगेतली तोंडं माणसांत आली. बाबुराव अर्धे होऊन परतले आणि दारातूनच ओरडले, "धाकूशेठ, त्यापेक्षा शेवटची पंगत परवडली!" तुळसा काठी टेकत उठली.

दिपेशची हळद उशिरा झाली, डीजेशिवाय. पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बाबुराव आणि रमाबाई होते. वाढायची वेळ झाली, आणि म्हाताऱ्या कुजबुजल्या, "टोप निववला नाय." धाकूशेठ जागचे हलेनात.

तेव्हा तुळसा तांब्या घेऊन माझ्यापाशी आली. माझी कल्हई गोठली. आता झाकण ढकलायचं तर ते आधीच बाजूला काढलेलं! बारीक, फाटक्या आवाजात तिने धवला सुरू केला आणि तांब्या वाकवला.

धार आत पडली. मी भीत भीत वास घेतला. गटाराचा नव्हता. धुराचा होता, माझ्याच चुलीच्या धुराचा. सकाळी माझ्यातच उकळलेलं पाणी तिने झाकून ठेवलं होतं.

मित्रांनो, मला घासा, पुसा, झाकून ठेवा. म्हाताऱ्या भांड्याचं एवढंच मागणं. रीत मोडा असं मी म्हणत नाही, मला गुदगुल्या आवडतात. फक्त ओतायच्या आधी तांब्यात काय आहे ते बघत जा. झाकण मला दरवेळी ढकलता येईलच असं नाही.