अंगठ्यावरची काळी रेघ

सुतारांच्या घरात काळ्या नखाचं कुणाला काही वाटत नाही. हातोडा चुकतो, नख काळंनिळं पडतं, गळतं, नवं येतं. ज्याचं नख कधी काळं झालं नाही त्याला सुतार कोण म्हणेल, असं माझे सासरे ऐटीत सांगायचे. त्यामुळे ह्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटली, तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी मात्र हात धुऊन मागे लागले. मार लागून पडलेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो, एवढं मलाही कळतं. ही रेघ जागची हलत नव्हती, नुसती रुंद होत होती. हे म्हणाले, तुला नसत्या शंका फार. शेवटी सासऱ्यांनी घरचा इलाज केला. सुई लाल होईपर्यंत तापवून नखाला भोक पाडलं, म्हणजे साकळलेलं रक्त निघून जातं. रक्त निघालंच नाही. जुनं आहे, वाळलं असेल, असं म्हणून ते रंधा मारायला गेले. मला असा संताप आला होता की विचारू नका.

काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तेव्हा मी ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला कातडीचा कॅन्सर. हे चक्क हसले. तो गोऱ्यांना होतो, उन्हात पडून राहणाऱ्यांना, आम्ही तर छपराखाली काम करतो, म्हणाले. बाई म्हणाल्या, हा प्रकार उन्हामुळे होत नाही. सावळ्या माणसाला झालाच तर बऱ्याचदा तळव्यावर नाहीतर नखाखाली होतो. लवकर आला असतात तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. आता अंगठा काढावा लागेल, हा पसरतो तो आधी काखेतल्या गाठीत, तीही तपासावी लागेल.

"मग खिळा कशानं धरू?" एवढंच ह्यांनी विचारलं.

जिवाचं मी विचारलं, हे बाहेर गेल्यावर. काखेत पसरलं असेल तर इंजेक्शनं आहेत, बाई म्हणाल्या, काहींना चांगली लागू पडतात. काहींना.

काखेत पसरलं होतं.

अंगठा गेला, इंजेक्शनं सुरू झाली. सासरे ह्यांच्याशी बोलेनासे झाले, जेवतानाही मान खाली. मला त्यांची दया येत नव्हती, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी अंगात त्राण नसताना हे वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले, तर दोन बोटांत खिळा धरून बघत होते. खिळा आडवा व्हायचा. पुन्हा धरायचे, पुन्हा तेच. सासरे पलीकडे रंधा मारत होते, तो त्यांनी खाली ठेवला. मग समोर येऊन बसले आणि खिळा आपल्या चिमटीत धरला.

"मार," म्हणाले.

"बाबा, हाताला नेम राहिला नाही. तुम्हाला लागेल."

"लागू दे. मला लागायलाच हवं."

ह्यांनी हातोडा खाली ठेवला आणि त्यांच्या हातातला खिळा काढून घ्यायला गेले. म्हातारा सोडेना.