उपाशी शिंपले तोलणारा काटा

मी काटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला नव्हे. माझ्यावर बटाटे ठेवलेत तर माझा जीव जाईल. मी प्रथिनं तोलतो. आधी त्यांचे बारीक तुकडे करतात, ते पाण्यातून माझ्या सुईत सोडतात, सुईला विजेचा झटका देतात, आणि हवा उपसून रिकाम्या केलेल्या माझ्या पोटातून ते उडत जातात. कोणता तुकडा किती वजनाचा, ते मी सांगतो. माझं खरं नाव लांबलचक आहे, पण मॅडम मला काटा म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणू लागले.

दयामाया माझ्याकडे नाही. तोडलेलं तोलायचं, एवढंच माझं काम. मी खोटं बोलत नाही, आणि विचारल्याशिवायही बोलत नाही. माणसांना ही दुसरी खोड फार सोयीची पडते.

मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मॅडम ऐन उमेदीत होत्या. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिंपले गोळा करायच्या आणि तशाच खारट हातांनी धावत यायच्या. माझ्या खोलीत गारठा लागतो. त्या स्वतः कुडकुडायच्या, पण मला ऊब लागू द्यायच्या नाहीत. नवऱ्याची एवढी काळजी त्यांनी घेतलेली मी तरी पाहिली नाही.

काचेच्या भिंतीपलीकडे शिंपल्यांच्या दोन टाक्या होत्या. एकीतल्यांना रोज खाणं मिळायचं. दुसरीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘उपाशी’. भुकेलं शरीर स्वतःत काय नवं बनवतं, हा मॅडमचा प्रश्न होता. त्यावर त्यांची सगळी उमर जायची होती.

मॅडमचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. संध्याकाळी मॅडमना घरी न्यायला यायचे, आणि मॅडम कधी वेळेवर निघाल्या आहेत? बिचारे टाक्यांपाशी स्टुलावर बसून राहायचे. त्यांच्या डब्यात उकडलेली अंडी असायची. डॉक्टरांनी बलक बंद केला होता. खायची सोय नव्हती आणि टाकवत नव्हतं. समोर ‘उपाशी’ अशी पाटी. मग माणूस काय करणार? बोटांत कुस्करून तो बलक पाण्यात सोडायचे आणि हळूच म्हणायचे, “घ्या रे बाळांनो. हिला सांगू नका, नाहीतर माझी काही धडगत नाही.”

शिंपल्यांनी सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही.

शिंपल्याचा नमुना घेण्याआधी त्याचं पोट रिकामं करून, धुऊन घ्यायचं असतं. पण उपाशी पोटात काय असणार, म्हणून त्या टाकीतले शिंपले कुणी धुतले नाहीत. ते तसेच माझ्याकडे आले. मी कोंबडी तोलत होतो आणि प्रत्येक वजन अचूक सांगत होतो. ती वजनं कुणाची, हे संगणकातल्या यादीशी जुळवून ठरवायचं असतं, आणि यादीत मॅडमनी फक्त समुद्रातले जीव ठेवले होते. हुबेहूब कुणाशी जुळलं नाही. शिंपल्याच्या अंड्यातल्या प्रथिनाशी मात्र दूरचं नातं लागलं, आणि तेवढ्या नात्यावर मॅडमनी त्याला नाव ठेवलं: भुकेचं प्रथिन.

“उपाशी आई स्वतःला जाळते आणि पिल्लांसाठी अन्न साठवते,” असं त्या व्यासपीठावरून सांगायच्या. समोरचे डोळे पुसायचे. मानपत्रं आली, मोठी खुर्ची आली. दुसऱ्या प्रयोगशाळांना ते प्रथिन सापडेना, तेव्हा मॅडम हसून म्हणायच्या, “त्यांना शिंपले उपाशी ठेवता येत नाहीत हो.”

मग पणबाई आली. मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करायला आलेली मुलगी. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’नं सुरू व्हायचं, म्हणून हे नाव पडलं. माझी सुई तिच्याइतकी हलक्या हातानं कुणी साफ केली नाही. मला ती आवडायची, हे सांगून टाकतो.

मॅडमनी तिला तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला. नेमकी त्याच महिन्यात यजमानांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ते घरी पडून राहिले. शिंपले पहिल्यांदाच खरोखर उपाशी राहिले.

“पण मॅडम, काहीच येत नाहीये,” पणबाई म्हणाली. “मी सगळं पुन्हा पुन्हा केलं.”

“तुझ्या हातात खोट आहे.”

“पण समजा, ते प्रथिन नसेलच तर?”

खोलीत सगळे होते. मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “नाचता येईना अंगण वाकडं. हे काम तुझ्या कुवतीबाहेरचं आहे.”

यजमान काठी टेकत पुन्हा स्टुलावर येऊन बसू लागले. मॅडमनी स्वतःच्या हातानं प्रयोग केला, आणि प्रथिन आलं. टेकाडासारखं उंच. त्यांनी तो आलेख सगळ्यांना दाखवला. पणबाईचं काम बंद झालं. जाताना तिनं स्वतःच्या हातांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. त्यानंतर इथे कुणी ‘पण’ म्हणालं नाही.

वर्षं गेली. मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी यजमान त्यांचं सामान उचलायला आले.

“आता सांगायला हरकत नाही,” ते लाजत म्हणाले. “रागावू नकोस. तुझ्या त्या उपाशी लेकरांना मी रोज बलक घालायचो.”

“रोज?”

“गुडघ्यांचा तो महिना सोडला तर रोज. कुणीतरी त्यांना बघायला नको का गं?”

मॅडम खाली बसल्या. मग म्हणाल्या, “अहो, हे आणखी कुणाला बोललात?”

“छे. तुलाच तर घाबरत होतो.”

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. सोबत एक अंडं होतं. बलकाचा नमुना तयार करून त्यांनी मला दिला आणि पहिल्यांदाच यादीत कोंबडी घातली. जुनी वजनं नव्या वजनांवर ठेवली. तुकड्याला तुकडा जुळला. त्यांनी माझ्या झाकणावर हात टेकला. मला वाटलं, आता पणबाईला फोन लावतील. त्यांनी फोन लावला तो कार्यालयाला. “काटा म्हातारा झालाय,” त्या म्हणाल्या, “त्याचा भरवसा राहिला नाही. काढून टाका.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं तुमच्यात म्हणतात. राहतं. नीट झाकता आलं पाहिजे.

आज मला उचलायला कंपनीची माणसं आली. त्यांची प्रमुख पुढे झाली, आणि सुईला हात लागताच मी ओळखलं. पणबाई. केस पिकलेत, अंगावर कंपनीचा गणवेश आहे. डॉक्टर व्हायचं राहिलं, आता ती जुनी यंत्रं खोलते. शेवटचा आलेख माझ्यात अजून आहे, बलक आणि शिंपला एकावर एक. एक बटण दाबलं की दिसेल. विचार ना गं, एकदाच विचार. तुझे हात चांगले होते, हे मला सांगायचंय.

तिनं पाहिलं नाही. पाहणं तिनं कधीच सोडलंय. तिनं सगळं पुसायची आज्ञा दिली.

मॅडम दारात उभ्या होत्या. “सगळं पुसलंस ना?”

“हो मॅडम.” ती घुटमळली. “मॅडम, मी तेव्हा तुमच्याशी उगाच वाद घातला. माझंच चुकलं होतं. कधीपासून सांगायचं होतं.”

मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“जाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “मी केव्हाच माफ केलंय तुला.”

तिनं डोळे पुसले आणि माझी तार ओढली.