सतरा नंबरचं रक्त

एकोणीस निरोगी माणसं आलेखात शहाण्यासारखी खाली बसली होती. सतरा नंबर तेवढा आजाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला होता.

विषाणू शरीरात शिरला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली एरवी गप्प असलेली काही जनुकं खडबडून कामाला लागतात. किती लागतात, हे नेत्रा अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या प्रयोगशाळेत मोजत होती. तुलनेसाठी तिने वीस धडधाकट माणसांचं रक्त घेतलं होतं.

"नळ्यांची अदलाबदल झालीय तुझ्याकडून," प्रमुख बाई म्हणाल्या. "एक झाली, तर बाकीच्यांचा काय भरवसा? सोमवारपर्यंत कारण दे, नाहीतर सगळे नमुने बाद."

आठ महिन्यांचं काम! नेत्राने सतरा नंबरचा फॉर्म शोधून काढला.

सतरा नंबर म्हणजे कोलंबसला लागूनच असलेल्या डब्लिन गावात मुलाकडे राहणारे मनोहरकाका. गरज पडल्यास फोन करा, असं त्यांनी फॉर्मवर लिहूनच दिलं होतं.

"काका, रक्त दिलंत तेव्हा बरं होतं ना?"

"ठणठणीत!"

"सर्दी, घसा, काही?"

"त्या दिवशी अजिबात नाही."

नेत्राने कान टवकारले. "आणि दुसऱ्या दिवशी?"

मागून काकूंचा आवाज आला, "सांगा की! ॲलर्जी ॲलर्जी करून सुनेला फसवलंत, त्या पोरीला तरी फसवू नका."

"सकाळपासून शिंका सुरू झाल्या गं," काका ओशाळून म्हणाले. "तू निरोगी म्हणून हौसेने बोलावलंस आणि मी असा निघालो. तोंड कसं दाखवणार? बिघडलं का काही?"

"थांबा काका, नंतर बोलते!"

रक्तासोबत प्रत्येकाच्या नाकातून फिरवलेला कापसाचा बोळा फ्रीझरमध्ये पडून होता. निरोग्यांचे बोळे तपासायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. नेत्राने सतरा नंबरचा तपासला. सर्दीचा विषाणू! नळी बरोबर होती. काकांना पहिली शिंक यायच्या आदल्या दिवशीच त्यांच्या पेशींना खबर लागली होती.

बाईंनी निकाल दोनदा वाचला. "एकही नमुना टाकू नकोस," त्या म्हणाल्या, "आणि असे आणखी आण."

नेत्राने पुन्हा फोन लावला. "काका, तुमच्यामुळे वाचले मी! पण आता शिंक यायच्या आधीची माणसं कुठून आणू?"

"हात्तिच्या! आमची नात आन्या डे-केअरमधून दर पंधरवड्याला नवी सर्दी आणते. चार दिवसांत अख्खं घर आडवं! तिचं नाक वाहिलं, की आम्ही सगळे हजर."

"मी नाही हं, मला सुईची भीती वाटते," मागून काकू.

"तू गाडीत बस."

नेत्रा हसली. "आत्ता कशी आहे आन्या?"

"सकाळी दोनदा शिंकली खरी."

नेत्राने फोन कानाला धरूनच तीन कोऱ्या नळ्या काढल्या.