अंगाला लागलेलं

रसिकाला संशय घेण्याचाच पगार मिळायचा. ठाण्यातल्या एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासणं हे तिचं काम. दवाखान्याच्या बिलावरचा शिक्का जरा तिरका दिसला की तिची भुवई वर जायची. ही भुवई ती ऑफिसात ठेवून घरी येत नाही, अशी तिच्या नवऱ्याची, विनीतची, जुनी तक्रार होती. आणि आता डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत भुवईला नवीन गिऱ्हाईक मिळालं होतं, ते म्हणजे तिचे सासरे.

धोंडीबा, म्हणजे आबा, साताऱ्याकडच्या गावाहून आले होते ते नातवाला सांभाळायला. सासूबाई गेल्यापासून ते गावी एकटेच होते, आणि रसिकाला पुन्हा नोकरी धरायची होती. नातू स्वानंद चार वर्षांचा, जन्मापासून काडी. 'पोराला खायला घालतेस ना गं?' हा प्रश्न रसिकाने इतक्या तोंडून ऐकला होता, की नातेवाइकांत जायचं म्हटलं की ती काहीतरी निमित्त काढून टाळायची.

आबा आल्यावर मात्र नवल घडलं. सकाळी भरून ठेवलेला डबा संध्याकाळी लख्ख रिकामा मिळू लागला. बघता बघता पोराचे गाल वर आले, चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर उमटू लागला, सँडल घट्ट झाल्या. शेजारची संचिता म्हणाली, आजोबांच्या हाताला गुण आहे हं. रसिका हसली, पण ते तिला चांगलंच झोंबलं. चार वर्षं हिने चिऊकाऊचे घास भरवून जीव काढला, आणि गुण आला तो आबांच्या हाताला. तरी मोठ्या मापाच्या चड्ड्या घेताना तिला गुदगुल्या झाल्याच. स्वानंदच्या गालांचा फोटो तिने माहेरच्या ग्रुपवर टाकला, तोही दोनदा.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. रात्री तिच्या हातून स्वानंद दोन घास खायचा आणि तोंड फिरवायचा. दुपारी लई जेवला, आबा म्हणायचे. ऑफिसातून कधीही फोन केला तरी उत्तर एकच, आत्ताच जेवला. बारा वाजता आत्ताच, तीन वाजताही आत्ताच. दर वेळी तेच शब्द सांगणारा माणूस काहीतरी लपवतो, हे रसिकाला कामामुळे पक्कं ठाऊक होतं. त्यात मध्यंतरी तिच्या टेबलावर एक क्लेम आला होता. कुणा वैदूची पावडर खाऊन मूल गुटगुटीत झालं होतं, आणि त्या पावडरीत नको ती औषधं मिसळलेली निघाली होती. झालं, रसिकाची झोप उडाली. ती पोराच्या तोंडाचा वास घेऊ लागली, केराची पिशवी उलगडून बघू लागली. विनीतला तिने सांगितलं, तर तो म्हणाला, तू माझ्या बापाचीपण फाइल उघडलीस का?

त्यातच एकदा आबांनी ती दिसताच एक डबी घाईघाईने बंडीच्या खिशात कोंबलेली तिने पाहिली.

शनिवारी तिला सुट्टी होती, विनीत ड्युटीवर होता. आबा आंघोळीला गेल्यावर तिने खुंटीवरच्या बंडीतून डबी काढली. आत काळी पूड होती. तिने हुंगली आणि तिला सटासट शिंका आल्या. मिश्री! सोडली म्हणून विनीतला शब्द दिलेली मिश्री. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं, रसिकाला राग आला. तिने डबी ओट्यावर ठेवली आणि आबा बाहेर आल्यावर सरळच विचारलं, "ही तुमची, कळलं मला. स्वानंदला काय देता?"

"काय न्हाई."

"आबा, पोर उगाच फुगत नाही."

आबांनी डबीकडे पाहिलं, मग खाली. केस पुसायचा पंचा त्यांनी खांद्यावर टाकला.

"त्यो जेवतच न्हाई, रसिका. घास तोंडाशी न्हेला की उलटीवानी करतोय. डबा मीच खातो."

आबा आल्या-आल्याच तिने विनीतला म्हटलं होतं, यांना जमत नसेल तर पाळणाघर बघू. ते आबांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. गावच्या रिकाम्या घरात पुन्हा जायच्या धास्तीने त्यांनी दुसऱ्या दिवसापासून डबा संपवायला सुरुवात केली. पोर तर अंगाने भरतंय, मग बिघडलं कुठं, असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

रसिकाचा पारा चढला. तोंडाला येईल ते बोलायला ती पुढे झाली आणि थांबली. पोर जेवत नाही. मग हे वजन येतंय कुठून?

स्वानंद पलंगावर आडवा होऊन कार्टून बघत होता. हल्ली तो लोळतच असायचा. पोट भरलं की येते सुस्ती, असं ती समजत होती. तिने त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. पापण्या जड, डोळे बारीक झालेले. गाल पांढुरके आणि तुकतुकीत. तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबावं तसा खड्डा पडला, आणि तो भरून येईना.

ती आबांना म्हणाली, "शर्ट घाला. चला."

रिक्षाने ते डोंबिवलीत मुलांच्या डॉक्टरांकडे पोचले. डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला, लघवीत पट्टी बुडवली, तिचा रंग बदललेला दाखवला. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असायचे का? असायचे, झोप जास्त झाली असेल असं रसिकाला वाटलं होतं. लघवी कमी व्हायची? फेस यायचा? यायचा, आबा म्हणाले, त्यांना वाटलं साबणाचा असेल. मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत, बाईंनी सांगितलं. हे अंग भरलेलं नाही, पाणी साठलंय. आणखी तपासण्या करायच्या, औषध बरेच दिवस द्यायचं, मीठ कमी. बहुतेक मुलं औषधाने सुधारतात, पण पुन्हा उलटू शकतं, म्हणून लक्ष ठेवायचं. ताप आला, पोट दुखलं, तर घरी थांबायचं नाही.

"म्हंजे पोरगं पुन्ना वाळंल?" आबांनी विचारलं.

"पाणी उतरलं की वजन उतरेल. तसंच व्हायला हवंय."

रसिकाला रडू कोसळलं. तिने सासऱ्यावर संशय घेतला, डब्यावर घेतला, केराच्या पिशवीवर घेतला. गालांवर मात्र घेतला नव्हता, कारण ते गाल तिला हवे होते.

बाहेरच्या बाकावर स्वानंद तिच्या मांडीवर पेंगत होता. आबा जरा अंतर ठेवून बसले होते. विनीत आला की गावची गाडी बघतो, ते हळूच म्हणाले.

"कुठेही जायचं नाही," रसिका म्हणाली. "पण तो जेवला नाही, तर जेवला नाही म्हणूनच सांगायचं."

"तू रागावतीस, पोरी."

"रागावेन," ती म्हणाली. "तरी सांगायचं."